बॅटरीच गेली आहे, हे कोणी ठरवलं?

गाडी, गॅरेज आणि गृहस्थ

या महिन्यात टायरच्या हवेवर लिहीन असं मागच्या अंकात कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला, इन्शाअल्लाह. मध्येच एक असं प्रकरण घडलं की ते ताजं असतानाच लिहून काढावं असं वाटलं.

माझी भाची इंग्लंडात शेफील्डला नर्स आहे. हे शहर टेकड्यांवर पसरलेलं. रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यातसुद्धा कुंभार्ली घाटाचा एखादा तुकडा कापून आणून बसवल्यासारखे चढ. रात्रपाळी संपवून बर्फातून घरी यायचं, म्हणून तिनं चार वर्षांपूर्वी चारही चाकांना जोर देणारी एक जुनी हायब्रिड घेतली. लेक्सस आरएक्स ४००एच, २००७ ची. जुनीच का? तर रोख पैशात येत होती म्हणून. नवी घ्यायची तर हप्ते आणि हप्त्यांबरोबर व्याज. त्या वाटेला जायचं नाही, हे तिनं नोकरीच्या पहिल्या महिन्यातच ठरवलं होतं.

जानेवारीतल्या एका रात्री आमची इशा होऊन मी अंथरुणावर पडलो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"मामू, गाडीनं जीव सोडला. चढावर एकदम ताकद गेली. समोर सगळे दिवे लागले, उरसाची रोषणाई झाल्यासारखे. कशीबशी बाजूला घेतली."

मी पहिलं विचारलं, तू कुठं आहेस, गाडी रस्त्याच्या आत आहे की बाहेर, धोक्याचे इंडिकेटर लावलेस का. दुसरं सांगितलं की मदतीचा ट्रक आला तर पुढची चाकं उचलून मागची जमिनीवर ठेवून ओढू देऊ नकोस. या गाडीत मागच्या चाकांनाही मोटर जोडलेली आहे. चाकं फिरली की मोटर फिरते, मोटर फिरली की वीज तयार होते, आणि बंद पडलेल्या यंत्रणेत अशी वीज शिरणं बरं नव्हे. चारही चाकं वर घेणारा सपाट ट्रकच हवा. ट्रकवाला आधी कुरकुरला, मग त्यानं सपाट ट्रक पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजच्या अंगणात गाडीचं बटण दाबलं, तर ती निमूट चालू झाली. दोन-तीन दिवे होते, बाकीचे गेलेले. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि सांगितलं, "या गाड्यांची या वयात मोठी बॅटरी जातेच. अडीच हजार पौंड."

अडीच हजार पौंड ही रक्कम तिच्याकडे होती. माझ्या बहिणीला, म्हणजे तिच्या अम्मीला, उमऱ्याला न्यायचं म्हणून ती दोन वर्षं बाजूला टाकत होती ते हे पैसे. म्हणून तिनं फोन केला होता. "देऊ का?" एवढाच तिचा प्रश्न.

मी म्हटलं, "त्यानं कोड वाचले का?"

"नाही. म्हणाला, अनुभवावरून सांगतो."

अनुभव मलाही आहे. दुबईच्या वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं हात काळे केले आहेत. म्हणूनच सांगतो, आम्हां मेकॅनिक मंडळींचा सगळ्यात मोठा दगाबाज हा अनुभवच. दहा गाड्यांत जे सापडलं तेच अकराव्या गाडीत असणार, असं मन आधीच ठरवतं आणि डोळे मग तेवढंच बघतात. एखादी खबर आली तर तिच्यावर काही करण्याआधी तपासून घ्या, हा सूरह हुजुरातचा हुकूम आपण भांडणतंट्याच्या वेळी आठवतो. गॅरेजच्या अंदाजपत्रकाला तो लागू नाही असं कुठं म्हटलंय?

आता ही गाडी चालते कशी ते थोडं समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या जुन्या जीपमध्ये इंजिनाची ताकद लांब दांड्यानं मागच्या चाकांकडे जायची. इथं तो दांडाच नाही. पुढं ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि त्याच्या शेजारी एकाच पेटीत दोन विजेच्या मोटरी. एक मुख्यतः वीज तयार करते आणि इंजिन सुरू करते, दुसरी पुढची चाकं ओढते. तिसरी मोटर मागं, मागच्या चाकांसाठी. मागच्या आणि पुढच्या चाकांमधलं नातं फक्त वायरचं. मागच्या सीटखाली २८८ व्होल्टची बॅटरी. पुढं बॉनेटखाली इन्व्हर्टर नावाची पेटी. ती हा दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवते आणि तिन्ही मोटरींना लागेल तशी वीज वाटते.

म्हणजे या घरात स्वयंपाकी अनेक असले तरी वाढणारा एकच आहे. इन्व्हर्टरनं हात आखडला की पुढची मोटर मंदावते, मागचीही मंदावते, चारही चाकांची मिजास उतरते. चालवणाऱ्याला मात्र वाटतं की एकाच वेळी सगळं गेलं.

त्या पेटीला काम करताना घाम फुटतो. तिला थंड ठेवायला इंजिनापेक्षा वेगळी पाण्याची वाट आहे, वेगळी टाकी, वेगळा कूलंट आणि तो फिरवायला विजेवर चालणारा छोटा पंप. इंजिनाचं पाणी व्यवस्थित आहे म्हणून इन्व्हर्टरचंही असेल, असं धरून चालता येत नाही. ही दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत.

भाचीला मी विचारलं, ताकद गेली ती कधी? निघाल्या निघाल्या की थोड्या वेळानं? म्हणाली, वीस-पंचवीस मिनिटांनी, लांब चढावर. याआधी असं कधी? थोडं आठवून म्हणाली, "नोव्हेंबरात एकदा झालं होतं. थांबले, चहा घेतला, परत निघाले तर ठीक." सकाळी थंड झाल्यावर गाडी शहाणी होते, हेही आपण पाहिलंच. थकलेली बॅटरी सहसा अशी वागत नाही. ती थंड सकाळीही रडते. मीटरवरची तिची पातळी झरझर चढते, झरझर उतरते, आणि इंजिन उगाच पुन्हा पुन्हा सुरू होतं. इथं दुखणं गरमीबरोबर येत होतं आणि थंडीबरोबर जात होतं. माझा संशय पाण्याकडे वळला. पण तो संशयच. माझाही अनुभवच बोलत होता ना!

मग तिला एक स्वस्तातला स्कॅनर मागवायला लावला. स्टिअरिंगच्या खाली खोचायचा आणि मोबाईलवर वाचायचा. त्याआधी साधी बारा व्होल्टची बॅटरी मोजायला सांगितली. हे काम कोणीच करत नाही आणि सगळ्यांनी करावं. मोठी बॅटरी कितीही तगडी असली तरी गाडीतले सगळे छोटे संगणक त्या बारा व्होल्टवर जागे होतात. ती मरगळली की संगणक एकमेकांचं बोलणं ऐकत नाहीत आणि भलतेसलते कोड लागतात. रात्रभर उभ्या गाडीत साडेबाराच्या आसपास आणि गाडी 'रेडी' झाल्यावर चौदाच्या आसपास दाब मिळाला तर बरं समजायचं. तिच्याकडे दोन्ही ठीक निघाले. एक दार बंद झालं.

कोड आला पी०ए९३. इन्व्हर्टर थंड करणारी यंत्रणा नीट काम करत नाही, असा त्याचा अर्थ. मोठी बॅटरी खराब झाली की बहुधा पी०ए८० येतो. तो कुठंच नव्हता. कोडबरोबर, तो लागला त्या क्षणीचे आकडेही गाडी जपून ठेवते. वेग, तापमान, वगैरे. त्यात इन्व्हर्टरचं तापमान चढलेलं स्पष्ट दिसत होतं. हे सगळं पुसण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेव म्हटलं. पुष्कळ गॅरेजमध्ये कोड वाचला की लगेच पुसतात आणि पुरावाच जातो.

मग व्हिडिओ कॉल. ती हातमोजे घालून बाहेर, नाकाचा शेंडा लाल. मी इथं चिपळूणला पंख्याखाली. गाडी रेडी केली, बॉनेट उघडलं. मी दहा वेळा बजावलं की नारिंगी रंगाच्या वायरला हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही, ओढणी आत लोंबू द्यायची नाही. रेडी असलेल्या गाडीत इंजिन शांत असलं तरी मनात आलं की आपोआप सुरू होतं. तिनं टॉर्च धरून इन्व्हर्टरच्या टाकीत डोकावलं. पंप चालू असेल तर टाकीतलं पाणी हलताना दिसतं.

"मामू, पाणी तर झोपलंय."

एवढ्यावर पंप गेला असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण पंपाला वीज पोचते का, हे कोण बघणार? फ्यूज, रिले, मिठानं गंजलेली एखादी पिन, यांतलं काहीही असू शकतं. तिथं रस्त्यावरचा बर्फ वितळवायला थंडीभर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटात सगळीकडे शिरतं. म्हणून मी तिला फक्त हायब्रिडचंच काम करणारा एखादा मेकॅनिक शोधायला सांगितला. सापडला. त्यानं पंपाच्या जोडणीवर मीटर लावला. बारा व्होल्ट येत होते, पंप मुका. आता म्हणायला हरकत नाही. सोळा-सतरा वर्षं रोज फिरलेला पंप थकला तर त्यात ना कंपनीचा दोष ना कोणाचा. नवा पंप, कंपनीचाच गुलाबी कूलंट, आणि नळीत अडकलेली हवा नीट काढणं. ही हवा राहिली तर नवा पंपही फुकट फिरतो. सगळं मिळून बॅटरीच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्यातच झालं.

अल्हमदुलिल्लाह म्हणून फोन ठेवायच्या बेतात होतो, तर ती म्हणाली, "पण मामू, मागून घुंईऽऽ असा आवाज येतो. पहिल्या गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं की मागची मोटरही जाणार."

जुन्या गाडीची हीच गंमत. एक दुखणं काढलं की त्याच्या मागं दडलेलं दुसरं ऐकू यायला लागतं. आणि पहिल्या माणसानं एकदा मनात भीती घातली की प्रत्येक आवाज मोटरचाच वाटतो.

आवाज ओळखण्याची एक रीत सांगतो. ती कुठल्याही गाडीला लागू आहे. मोटरचा किंवा गिअरचा आवाज तुमच्या पायाबरोबर बदलतो. दाबलं की एक सूर, सोडलं की दुसरा, कारण दातांवरचा भार उलटा होतो. चाकाच्या बेअरिंगला तुमच्या पायाशी घेणंदेणं नाही. तो वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर बदलतो. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा गुणगुण वाढली तर डावं बेअरिंग बघा. टायर उंच-सखल झिजला असेल तर तोही गुणगुणतो, पण डांबराचा पोत बदलला की त्याचा सूर बदलतो. आणि वळताना टक-टक-टक असा ठोका येत असेल तर तो चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा. इंजिन सुरू होताना किंवा बंद पडताना पुढून खडखड आली तर इंजिन आणि ती मोटरीची पेटी यांच्यामध्ये धक्का शोषणारी स्प्रिंगची तबकडी असते, तिच्याकडे बघायचं.

भाचीनं रिकाम्या रस्त्यावर फिरून सांगितलं की पाय दाबा, सोडा, काही फरक नाही. लांब उजव्या वळणावर वाढतो.

मग आम्ही कागद काढले. इंग्लंडात तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात, आणि तिचा सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कोणालाही फुकट बघता येतो. मागच्या तपासणीत शेरा होता, मागच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगमध्ये आवाज. गाडी पास झाली होती म्हणून भाचीनं कागद घडी घालून कप्प्यात ठेवला होता. आपणही पीयूसीचा कागद असाच ठेवतो, म्हणून तिला रागावलो नाही. बेअरिंग बदललं, आवाज गेला. मागची मोटर ठणठणीत. चढावर सुटताना गाडीच्या पडद्यावर मागच्या चाकांकडे जाणारा बाण दिसतो की नाही, तेही तिनं बघून घेतलं. दिसतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट फार गोड झाली असती. पण त्या हायब्रिडवाल्या मेकॅनिकनं, न मागता, मोठी बॅटरीही तपासली. मागच्या सीटखाली हवा आत घेणाऱ्या जाळ्या असतात आणि आत तीन पंखे. जाळीत केस, बिस्किटांचा चुरा आणि एक कागदी रुमाल सापडला. बॅटरी गाडीतलीच हवा पिऊन थंड होते, हे मुलांना मागं बसवणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल? पंखे साफ केले. मग गाडी जोरात चालवताना बॅटरीच्या प्रत्येक गटाचा दाब मोजला. चांगल्या बॅटरीत सगळे गट भावंडांसारखे एकाच उंचीचे असतात, थोडा फार उन्नीस-बीस. इथं एक गट भार पडला की जवळजवळ एका व्होल्टनं खाली बसत होता.

म्हणजे पहिला गॅरेजवाला अगदीच खोटं बोलला नव्हता. बॅटरी म्हातारी झाली आहे. पण त्या रात्री गाडी तिच्यामुळे थांबली नव्हती. त्याच्या सल्ल्यानं बॅटरी बदलली असती तर अडीच हजार पौंड जाऊन पुढच्याच चढावर गाडी पुन्हा थांबली असती, आणि मग तो म्हणाला असता, आता इन्व्हर्टर. ही साखळी मी दुबईत फार पाहिली आहे. चांगले सुटे भाग एकामागून एक बदलत जायचे आणि शेवटी जो बदलल्यावर गाडी चालते त्याला दोषी ठरवायचं. पैसा गिऱ्हाइकाचा असल्यामुळे प्रयोग करणाऱ्याला घाई नसते.

आता या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट.

बॅटरीचं कळल्यावर घरातल्याच एकानं, नातं सांगत नाही, ओळखू येईल, तिला सल्ला दिला. "पंप नवा आहे, दिवे गेलेत, आत्ता गाडी छान पळतेय. कोड पुसून टाक आणि या महिन्यात विकून मोकळी हो. घेणारा बघून घेईल." व्यवहारात हुशारी म्हणून आपण अशा गोष्टींवर हसतोही. भाचीनं मला विचारलं तेव्हा ती हसत नव्हती. आदल्याच आठवड्यात ती स्वतः अंधारात, बर्फात, रस्त्याच्या कडेला उभी होती.

तांत्रिक उत्तर आधी देतो. कोड पुसता येतात, पण पुसल्याचं लपत नाही. गाडीचा संगणक आपल्या निरनिराळ्या तपासण्या पूर्ण झाल्याची नोंद ठेवतो. कोड पुसले की त्या तपासण्या 'अपूर्ण' दाखवतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते. म्हणून जुनी गाडी घ्यायला जाताना स्कॅनर घेऊन जा. कोड एकही नाही आणि तपासण्या मात्र अपूर्ण, असं दिसलं तर विकणाऱ्याला शांतपणे विचारा, काल काय पुसलंत? बारा व्होल्टची बॅटरी नुकती काढली असेल तरी असं होतं, तेव्हा लगेच चोर ठरवू नका. दोन दिवसांनी पुन्हा येतो म्हणा.

दुसरं उत्तर तुम्हांला माझ्याहून जास्त माहीत आहे. बाजारातला तो धान्याचा ढीग, वरून कोरडा, आणि हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लमनी आत हात घातला तर ओला. पावसानं भिजलं म्हणणाऱ्याला त्यांनी विचारलं की मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. फिकहच्या किताबांत तर दडवलेल्या ऐबासाठी घेणाऱ्याला सौदा परत फिरवण्याचा हक्क आहे, खियार-ए-ऐब म्हणतात त्याला. दिवे पुसून विकलेली हायब्रिड म्हणजे तोच ओला ढीग. फक्त इथं ओल बघायला हाताऐवजी स्कॅनर घालावा लागतो.

भाचीनं गाडी ठेवली आहे. हिवाळा काढील, मग बघू. सगळे फोटो, बिलं आणि बॅटरीच्या गटांच्या आकड्यांचा छापील कागद तिनं एका पाकिटात घालून कप्प्यात ठेवला. विकताना ते पाकीट गाडीबरोबर जाईल. किंमत थोडी कमी येईल, हे तिला ठाऊक आहे. दरम्यान पुढच्या पेटीतलं आणि मागच्या मोटरचं तेलही बदलून घेतलं. कंपनीनं सांगितलेलं डब्ल्यूएस नावाचंच. दुकानदार "सगळं एकच असतं" म्हणाला तरी ऐकू नये. या तेलात मोटरीच्या तारा अक्षरशः बुडालेल्या असतात आणि तेलाला वंगणाबरोबर वीज अडवण्याचंही काम असतं.

यावरून एक वेगळं दुखणं आठवलं, कारण पुष्कळ वाचकांची मुलं परदेशात अशाच गाड्या चालवतात. दमट सकाळी गाडी रेडी व्हायलाच नकार देते आणि कोड येतो पी०एए६. म्हणजे मोठ्या दाबाची वीज कुठंतरी गाडीच्या अंगाला गळते आहे. हा कोड एकटा वाचून काहीच कळत नाही. त्याच्या पोटात तीन आकडी उपकोड असतो आणि खरी खबर त्यात. ६११ असेल तर एसीच्या बाजूला, ६१२ बॅटरीकडे, ६१३ मोटरीच्या पेटीकडे, ६१४ मुख्य वायरींकडे. नुसता ५२६ असेल तर जागा अजून कळलेली नाही, एवढंच. स्वस्त स्कॅनर हे उपकोड बहुधा दाखवत नाहीत. त्यासाठी टोयोटाचं टेकस्ट्रीम किंवा त्या तोडीचं यंत्र हवं. इथं हौशी माणसानं हात घालू नये. सुरक्षेचा प्लग काढल्यावरही आत साठलेली वीज ओसरायला किमान दहा मिनिटं थांबतात, आणि थांबल्यावरही मीटरनं मोजून मगच हात लावतात. ज्याच्या हातात जाड रबरी मोजे दिसत नाहीत त्या मेकॅनिककडे ही गाडी देऊच नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

याचाच एक भाऊ म्हणजे टोयोटाच्या २०१९ नंतरच्या आरएव्ही४ हायब्रिडमधली मागच्या मोटरची वायर. मिठाच्या पाण्यानं तिची मागची जोडणी गंजते, म्हणून अमेरिका आणि कॅनडात कंपनीनं त्या वायरची हमी वाढवून दिली. आणि २००६-०७ च्या हायलँडर हायब्रिड व आरएक्स ४००एच कंपनीनं २०११ साली इन्व्हर्टरमधल्या कमकुवत सोल्डरिंगसाठी परत बोलावल्या होत्या. तुमच्या मुलांकडे यांतली एखादी असेल तर पैसे खर्च करण्याआधी गाडीचा चॅसी नंबर घेऊन अधिकृत डीलरला विचारा की आमच्या गाडीचं ते काम झालंय का. भाचीच्या गाडीचं आम्ही पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, झालं होतं.

आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या हायब्रिड, म्हणजे हायक्रॉस किंवा ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड, पुढचीच चाकं ओढतात. मागं मोटर असलेल्या वेलफायरसारख्या महागड्या गाड्या मोजक्याच. पण या सगळ्याही म्हाताऱ्या होणार आहेत. कोकणचा पाऊस आणि खाडीची हवा त्यांना शेफील्डच्या मिठाहून फार वेगळं वागवेल असं मला वाटत नाही. नवी घेतलीत तर बॅटरीच्या हवेची जाळी कुठं आहे हे पहिल्याच दिवशी पुस्तकात बघा आणि तिच्यावर ईदच्या खरेदीच्या पिशव्या रचू नका.

बहिणीचा पासपोर्ट नव्यानं करायला दिला आहे. आणि कोड पुसून टाक म्हणणाऱ्या त्या नातेवाइकाचा परवा मला फोन आला होता. तो स्वतः एक जुनी हायब्रिड बघायला जाणार होता. विचारत होता, तो स्कॅनर कुठून मागवायचा?

त्याला पत्ता दिला. वर हेही सांगितलं की गाडी घेऊन चढावर अर्धा तास फिरून ये, नुसतं अंगणात दिवे बघून येऊ नकोस.